वधूचे वाहन आणि शेवटचा कोस

आपल्याकडच्या विवाहसंस्थेविषयी लिहिताना हुंडा, मुहूर्त, विधी आणि जेवणावळी यांचा ऊहापोह पुष्कळ होतो. वधू मांडवापर्यंत किंवा मांडवातून सासरी कशी पोचते, हा प्रश्न मात्र किरकोळ समजून बाजूला ठेवला जातो. लग्न वराच्या दारी असेल तर वधूला तिच्या गावाहून आणावे लागते. ते वधूच्या दारी असेल तर वरातीने तिला न्यावे लागते. अंतर बहुधा दोन-चार कोसांचे, कधी या आळीतून त्या आळीत इतकेच. पायीही सहज कापता येईल असे. तरीही वडीलधाऱ्यांच्या बैठकीत नेमका याच अंतरासाठी खल होतो. याचे कारण उघड आहे. लांबच्या प्रवासात सोय पाहिली जाते. जवळच्या प्रवासात मान पाहिला जातो, कारण तो पाहणारे सगळे ओळखीचे असतात.

पेशवाईत पालखी हे नुसते वाहन नव्हते. ती बाळगण्याचा मान सरकारातून मिळे आणि भोयांच्या खर्चासाठी नेमणूकही मिळे. 'पालखीपदस्थ' हा शब्द त्यातूनच आला. थोरांघरच्या स्त्रियांसाठी चहूबाजूंनी झाकलेला मेणा असे. त्याखालच्या पायऱ्यांवर डोली, घोडा, बैल, छकडा आणि शेवटी स्वतःचे पाय. बालविवाहाच्या त्या काळात वरातीत वधूला वराच्या पुढ्यात एकाच घोड्यावर बसवीत. हा घोडा कोणी वापरावा आणि कोणी वापरू नये, यावरून जातीजातींत तंटे होत आणि ते सरकारदरबारी जात. म्हणजे घोडा दारात असणे पुरेसे नव्हते. त्यावर बसू देणारा गावही असावा लागे.

इंग्रजी अमदानीत सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर 1884 साली प्रसिद्ध झाले. त्यात जातवार लग्नविधींची वर्णने आहेत आणि वधूवरांना कशावर बसवून मिरवतात याची दखलही आहे. योगायोग असा की त्याच 1884 साली सोलापूरच्या आग्नेयेस असलेल्या होटगीहून विजापूरमार्गे गदगपर्यंत मीटरगेज रेल्वे सुरू झाली. सोलापूरला आगगाडी 1860 सालीच आली होती आणि पुढे रायचूरपर्यंतचा रस्ता 1871 साली पुरा झाला होता. आता होटगी हे दोन निरनिराळ्या रुंदीच्या रुळांचे जंक्शन बनले. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा ज्या मुलखात घरोघर बोलल्या जातात, जिथे सोयरीक अक्कलकोट, इंडी, विजापूर अशी सहज जुळते, तिथे वऱ्हाडाला ही मोठीच सोय झाली.

रेल्वेने एक विलक्षण गोष्ट केली. तिकिटाचे दर वर्गावर ठरत, जातीवर नव्हे. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात पाटलाची लेक आणि येसकराची लेक एकाच फळीवर बसू शकत होती. निदान डबा वेगळा करून मागण्याचा हक्क कोणाला उरला नव्हता. परंतु आगगाडी स्टेशनापर्यंतच जाते. स्टेशनाबाहेर पडल्यावर पुढचा कोसभर रस्ता पुन्हा गावाचा असे, आणि तिथे दमणी कोणाला, छकडा कोणाला आणि पायी कोणी जायचे याचे जुने नियम वाट पाहत उभे असत. शेकडो मैलांची विषमता ज्या यंत्राने डब्यापुरती का होईना पुसली, त्याला हा शेवटचा कोस पुसता आला नाही.

या मुलखाच्या मुख्य उत्सवाच्या केंद्रस्थानीही एक लग्नच आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांशी विवाह करण्याची इच्छा एका कुंभारकन्येने धरली. विरक्त योग्याने तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावण्यास सांगितले, अशी कथा आहे. तिच्या स्मरणार्थ दरवर्षी भोगीच्या दिवशी सोलापुरात सिद्धेश्वर मंदिराजवळच्या संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. योगदंडाचे प्रतीक असलेले सात उंच नंदीध्वज उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यापासून तिथवर मिरवत आणले जातात.  बाराबंदी घातलेली माणसे ते जड ध्वज पायी चालत, तोल सांभाळत पेलतात. या सातांचे मान निरनिराळ्या समाजांकडे आहेत आणि त्यांत मातंग समाजही आहे. ही गोष्ट अभिमानाची खरी. मात्र त्या रांगेलाही क्रम आहे आणि मातंग समाजाचे ध्वज शेवटचे आहेत, हेही नजरेआड करू नये. परंपरा सर्वांना सामावून घेते तेव्हाही जागा वाटून देतेच.

वाहनाचा हा प्रश्न केवळ दख्खनचा नाही. गढवालात वधू डोल्यातून आणि वर पालखीतून नेण्याची रीत होती. शिल्पकार म्हणवल्या जाणाऱ्या दलित कारागिरांना ती मना होती. जयानंद भारती यांच्या पुढाकाराने तिथे 'डोला-पालकी' आंदोलन उभे राहिले. 1941 साली गांधीजींनी याच कारणावरून गढवालातील वैयक्तिक सत्याग्रह थांबवला. स्वातंत्र्य मागणाऱ्यांनी आधी शेजाऱ्याच्या लेकीचा डोला आपल्या दारावरून जाऊ द्यावा, असाच त्याचा अर्थ होता.

स्वातंत्र्य आले, पण प्रश्न मिटला नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली आणि ती 26 जानेवारी 2016 पासून अमलात आली. लग्नाची वरात काढण्यास, वरातीत घोड्यावर अथवा अन्य कोणत्याही वाहनावर बसण्यास अडथळा आणणे हा गुन्हा आहे, असे तीत स्पष्ट शब्दांत लिहावे लागले. 'अन्य कोणत्याही वाहनावर' हे शब्द मोलाचे आहेत. मेणा गेला, दमणी गेली, मोटार आली. उद्या आणखी काही येईल. कायदा करणाऱ्यांनी हे ओळखले होते की वाहन बदलले म्हणून अडवणारा बदलत नाही.

आज लग्न ठरले की गाडी कोणती, फुलांनी सजवायची की नाही, वधू मांडवाच्या दारात उतरेल की कोपऱ्यावर, याची चर्चा घरोघरी हौसेने होते. ती हौस खुशाल असावी. मात्र ही निवड करण्याचे स्वातंत्र्य आपल्याला आपोआप मिळालेले नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांना स्टेशनापासून पुढे पायीच जावे लागले, त्यांच्या घरातून निघालेल्या सजवलेल्या मोटारीकडे पाहून नाक मुरडण्यापूर्वी त्या शेवटच्या कोसाचा हिशेब आपण मांडला पाहिजे.