सुप्याचा उठाव आणि बाणावरचा शब्द

सुपे हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. १८७५ साली ते भीमथडी तालुक्यात होते. त्या वर्षी १२ मे रोजी आसपासचे शेतकरी तिथे जमले, सावकारांकडे कर्जरोखे व वह्या मागू लागले आणि हाती आलेले कागद त्यांनी जाळले. दख्खनच्या या उठावाची कारणे विचारली, की मुले ती घडाघडा म्हणतात. एका कारणाचा दुसऱ्याशी काय संबंध, असे विचारले की मात्र वर्ग गप्प होतो.

अशा वेळी संकल्पना-नकाशा उपयोगी पडतो. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातील जोसेफ नोव्हाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात, मुलांना विज्ञान कितपत समजले आहे हे पाहण्यासाठी ही रीत तयार केली. संकल्पना चौकटींत लिहायच्या, बाणांनी जोडायच्या आणि प्रत्येक बाणावर जोडणारा शब्द लिहायचा. खरी परीक्षा या शब्दाची असते.

आपण फळ्यावर सुरुवात करू. 'अमेरिकेतील यादवी युद्ध, १८६१-६५' या चौकटीतून निघणाऱ्या बाणावर 'वाढवते' असे लिहून तो 'कापसाचा भाव' या चौकटीकडे नेऊ. भाव चढा असताना कर्ज सहज मिळे; युद्ध संपले, भाव उतरला, सावकाराने हात आखडला. त्याच सुमारास इंदापूर तालुक्यात ३० वर्षांपूर्वी ठरलेल्या साऱ्याची मुदत संपून नव्या आकारणीत सारा वाढला. हे दोन बाण 'कर्जाची अडचण' या एकाच चौकटीत येऊन मिळतात.

पण शेतकऱ्यांनी कागदच का जाळले? १८५९ च्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा. पण सावकार मुदत संपताच व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. 'सावकार दुष्ट होता' एवढ्या उत्तराने हा बाण काढता येत नाही.

एखादा विद्यार्थी 'दुष्काळ' या चौकटीतून 'उठाव' या चौकटीकडे बाण काढील आणि १८७६-७८ चा मोठा दुष्काळ सांगेल. तो बाण आपण लगेच पुसू नये. "आधी काय घडले?" एवढेच विचारावे. कारण परिणामाच्या नंतर येऊ शकत नाही, हे त्याला स्वतःलाच दिसेल.

शेवटी दोन चौकटी घरी जोडायला द्याव्यात : शेतकऱ्यांना दिलासा देणारा १८७९ चा कायदा, आणि १८८० च्या दशकात बारामती-इंदापूरकडे पाणी आणणारा नीरा डावा कालवा. बाण कुठून निघतात आणि त्यांवर कोणता शब्द येतो, ते मुलांनीच ठरवावे.