राशी कुठल्या, नक्षत्रे कुठली?

भारतीय ज्योतिष मूळचे आपले की ग्रीकांकडून आलेले, हा प्रश्न वर्गात केव्हा ना केव्हा निघतोच. सारे काही वेदांत होते असे एक पक्ष म्हणतो. सारे उसने आणलेले असे दुसरा म्हणतो. दोघांच्याही बोलण्यात एक घोटाळा असतो. 'ज्योतिष' या एकाच शब्दाखाली आपण कालगणना, फलज्योतिष आणि ग्रहगणित अशा तीन गोष्टी एकत्र करतो. त्यांचा इतिहास एक नाही. म्हणून पुरावेही आपण वेगवेगळे तपासू.

प्रथम कालगणना. लगधाच्या नावावर असलेल्या 'वेदांग ज्योतिष' या छोट्या ग्रंथात पाच वर्षांचे युग मानले आहे. त्यात १८३० दिवस आणि ६२ चांद्रमास, म्हणजे ६० महिने व दोन अधिकमास. यज्ञाची वेळ ठरवणे हा हेतू. सूर्यचंद्रांचे २७ नक्षत्रांमधले स्थान काढणे हे साधन. त्यातल्या गणितात मेष-वृषभादी राशी येत नाहीत, वार येत नाहीत, मंगळ-गुरूंच्या गती येत नाहीत. जन्मकुंडली तर नाहीच. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले, तेव्हा 'वैदिक ज्योतिष' हा शब्द पुष्कळ ऐकू आला. त्या शब्दाने कुंडली अभिप्रेत असेल, तर तिला या वेदांगाचा आधार सापडत नाही.

मग निदान हा ग्रंथ तरी पूर्णपणे स्वतंत्र आहे का? येथेही वाद आहे. सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्तांचा आणि सर्वांत लहान १२ मुहूर्तांचा, असे त्यात सांगितले आहे. मुहूर्त ४८ मिनिटांचा. तेव्हा मोठा दिवस १४ तास २४ मिनिटांचा झाला. गुणोत्तर ३:२. हेच गुणोत्तर बाबिलोनच्या गणितातही आढळते. हे गणित मेसोपोटेमियातून आले, असे डेव्हिड पिंग्री या अमेरिकन संशोधकाने १९७३ साली मांडले. एवढा मोठा दिवस सुमारे ३५ अक्षांशावर असतो. उज्जैनला तो साडेतेरा तासांच्याच आसपास भरतो.

पण बाबिलोनही ३५ अंशांवर नाही, ते साडेबत्तीस अंशांवर आहे. शिवाय दिवस रोज सारखाच वाढतो, असे वेदांगाने धरले आहे. प्रत्यक्षात तो विषुवदिनाच्या सुमारास भराभर आणि अयनदिनाजवळ अगदी सावकाश वाढतो. २७ अक्षांशावर विषुवदिनाजवळची रोजची वाढ घेऊन तीच पुढे तीन महिने चालवली, तर उत्तर साडेचौदा तासांच्या जवळ येते. हे नियम उत्तर भारतातल्या वेधांवरूनच बसवलेले असावेत, असे युकिओ ओहाशी या जपानी संशोधकाचे मत आहे. एक आकडा जुळला एवढ्याने उसनवारी सिद्ध होत नाही, आणि ती झालीच नाही असेही ठरत नाही.

फलज्योतिषाच्या बाबतीत पुरावा जास्त स्पष्ट आहे. होरा, केंद्र, द्रेष्काण, जामित्र हे शब्द संस्कृत धातूंपासून नीट साधत नाहीत. होरा, केन्त्रॉन, देकानोस, दियामेत्रोस या ग्रीक शब्दांशी मात्र ते थेट जुळतात. सहाव्या शतकातला वराहमिहिर मेष, वृषभ, मिथुन यांना क्रिय, ताबुरि, जितुम अशीही नावे देतो. ती क्रिओस, तॉरोस, दिदिमॉय यांची रूपे आहेत. वराहमिहिराने हे ऋण लपवलेले नाही. यवन म्लेच्छ असले तरी या शास्त्रामुळे त्यांना ऋषींसारखा मान मिळतो, असे तो 'बृहत्संहिते'त सांगतो. बारा राशी ग्रीकांच्याही स्वतःच्या नव्हेत. त्या बाबिलोनहून त्यांच्याकडे गेल्या.

वारांचेही तसेच. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने एकेका होरेला एकेक स्वामी द्या. चोवीस होरांत तीन फेऱ्या होऊन तीन उरतात. म्हणून शनिवारनंतरच्या दिवसाची पहिली होरा रवीची, त्याच्या पुढच्या दिवसाची चंद्राची. वारांचा क्रम असा चोवीस होरांच्या दिवसावर उभा आहे; वेदांगातला अहोरात्र मात्र तीस मुहूर्तांचा आहे. भारतातल्या कोरीव लेखांत वाराचा जुना ज्ञात उल्लेख मध्य प्रदेशातील एरण येथील इ.स. ४८४ च्या लेखात मिळतो.

ग्रहगणितात दोन्ही प्रवाह मिसळलेले दिसतात. वराहमिहिराच्या 'पंचसिद्धान्तिके'त पाच वर्षांच्या युगाचा पैतामह सिद्धान्त आहे आणि नावावरूनच पश्चिमेकडे बोट दाखवणारा रोमकही आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास वापरलेली ग्रहांची उपवृत्ते ग्रीक कल्पनेशी नाते सांगतात. पण ग्रीक गणिती पूर्ण जीवेचे कोष्टक वापरत. आपल्याकडे अर्धजीवेचे, म्हणजे ज्येचे, कोष्टक तयार झाले. आठव्या शतकात हे गणित बगदादला पोचले. तेथे 'जीवा'चे 'जिबा' झाले, ते पुढे 'जैब' असे वाचले गेले आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'सायनस' केला गेला. दहावीच्या पुस्तकातला 'साइन' तो हाच.

या विषयाचा मराठीतला पायाभूत ग्रंथ पेशाने शिक्षक असलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी लिहिला, १८९६ साली. युरोपीय पंडितांची मते त्यांनी भावनेच्या भरात उडवून लावली नाहीत, की मान खाली घालून स्वीकारलीही नाहीत. गणित करून तपासली.

तेच आपल्यालाही करता येईल. भिंतीवरच्या कॅलेंडरमधून २१ जून आणि २२ डिसेंबर या दिवसांचे सूर्योदय-सूर्यास्त मुलांना काढायला सांगावेत. पुण्याला एक दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि दुसरा अकरा तासांचा येईल. गुणोत्तर सुमारे ६:५. मग लगधाचे ३:२ कुठून आले असेल, हा प्रश्न फळ्यावर लिहावा आणि मुलांना वाद घालू द्यावा. फक्त प्रत्येकाने आपल्या म्हणण्यापुढे एक आकडा किंवा एक शब्द पुरावा म्हणून ठेवलाच पाहिजे, एवढी अट असावी.