शिफारशीची चिठ्ठी
फोर्डच्या कारखान्यातील युनियनचा लढा आणि अल्पसंख्य कामगार

इतिहासाच्या तासाला हेन्री फोर्डचे नाव निघाले की मुलांना पाच डॉलरची गोष्ट सांगितली जाते. ५ जानेवारी १९१४ रोजी अमेरिकेतल्या या मोटार कारखानदाराने आपल्या कामगारांना दिवसाला पाच डॉलर मिळतील असे जाहीर केले. आधीच्या मजुरीच्या मानाने ही रक्कम जवळजवळ दुप्पट होती. उदार मालक म्हणून फोर्डचे नाव जगभर झाले. गोष्ट खरी आहे, पण अर्धी आहे. पाच डॉलर सरसकट मिळत नव्हते. कंपनीचे तपासनीस कामगाराच्या घरी जात. घर नीटनेटके आहे का, तो दारू पितो का, पैसे शिल्लक टाकतो का, याची चौकशी होई. तपासनिसाचे समाधान झाले तरच पूर्ण रक्कम हातात पडे. म्हणजे त्या मजुरीत एक भाग कष्टाचा होता आणि एक भाग मेहरबानीचा.

गोष्टीचा उरलेला अर्धा भाग १९४१ साली पुरा झाला. त्या वर्षी फोर्डच्या कामगारांनी मालकाला युनियन मान्य करायला लावली. या लढ्याविषयी इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यातला एकच धागा येथे उलगडायचा आहे. बहुसंख्य आणि अल्पसंख्य असे दोन्ही कामगार एकाच छपराखाली राबत असतील, तर युनियनच्या लढ्यात अल्पसंख्य कामगार कोणाच्या बाजूला उभा राहतो, आणि का? हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही.

फोर्डचा पहिला मोठा कारखाना डेट्रॉइटजवळ हायलंड पार्क येथे होता. पाच डॉलरच्या ओढीने तेथे जे परदेशी लोक आले, त्यांत सिरिया-लेबनॉनकडचे मुसलमानही होते. १९२१ साली हायलंड पार्कमध्ये एक मशीद उभी राहिली. अमेरिकेत खास मशीद म्हणून बांधलेल्या अगदी सुरुवातीच्या इमारतींत तिची गणना होते. पुढे फोर्डने शेजारच्या डिअरबॉर्न गावी रूज नदीच्या काठी नवा कारखाना उभारला. काम जिकडे गेले तिकडे हे कामगारही गेले आणि कारखान्याच्या सावलीत त्यांची नवी वस्ती झाली. रिव्हर रूजचा हा कारखाना म्हणजे एक शहरच होते. एका बाजूने कोळसा आणि लोखंडाची माती आत जाई आणि दुसऱ्या बाजूने तयार मोटार बाहेर पडे. १९२९ च्या सुमारास तेथे एक लाखाच्या आसपास माणसे कामाला होती.

रूजमध्ये सर्वांत मोठा अल्पसंख्य गट कृष्णवर्णीयांचा होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची संख्या दहा हजारांच्या घरात होती. बाकीचे मोटार कारखाने त्यांना झाडूकामापलीकडे सहसा उभे करीत नसत. फोर्ड मात्र त्यांना घेत होता. बहुतेकांच्या वाट्याला ओतकामाच्या भट्ट्या येत, जेथे उष्णता आणि धूर सर्वांत जास्त. तरीही दक्षिणेतल्या शेतमजुरीपेक्षा ही रोजी कितीतरी बरी होती.

या रोजीचा रस्ता चर्चमधून जात होता. डेट्रॉइटमधील कृष्णवर्णीयांच्या निवडक पाद्र्यांशी कंपनीचे संधान होते. सेकंड बाप्टिस्ट चर्चचे रॉबर्ट ब्रॅडबी हे त्यांतले ठळक नाव. बेकार माणूस पाद्र्याकडे जाई, पाद्री त्याच्या चारित्र्याची ग्वाही देणारी चिठ्ठी लिही आणि ती दाखवून फोर्डच्या फाटकातून आत प्रवेश मिळे. आपल्याकडच्या कापडगिरण्यांत जे स्थान जॉबरचे होते, त्याच्याशी हे मिळतेजुळते होते. फरक इतकाच की येथे जॉबरच्या जागी धर्मगुरू होता. त्याने चिठ्ठी लिहिली की चर्च भरे, वर्गणी येई, समाजात त्याचा शब्द चाले. आणि ज्या चर्चने युनियनच्या वक्त्याला व्यासपीठ दिले, तेथल्या लोकांच्या नोकऱ्यांवर गंडांतर येई. चिठ्ठी देणाराही बांधला गेला होता आणि घेणाराही.

या पाद्र्यांना सरसकट विकले गेलेले म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या समाजाला दुसरे कोणतेच दार उघडे नव्हते. शिवाय जुन्या कसबी कामगारांच्या अनेक युनियन कृष्णवर्णीयांना सभासद करून घेत नव्हत्या. ज्या युनियनने तुम्हाला दारात उभे केले नाही, तिच्यासाठी हातची नोकरी का गमवावी, हा त्यांचा सवाल रास्त होता.

कारखान्यात राज्य होते हॅरी बेनेटचे. हा पूर्वीचा खलाशी आणि मुष्टियोद्धा. त्याच्या हाताखालच्या ‘सर्व्हिस डिपार्टमेंट’मध्ये पहिलवान, गुंड आणि तुरुंगातून सुटलेली माणसे भरलेली होती. कोण कोणाशी बोलतो, यावर त्यांची नजर असे. युनियनचा नुसता संशय आला तरी माणूस घरी जाई.

गावाची सत्ताही परकी नव्हती. मंदीच्या काळात, ७ मार्च १९३२ रोजी, सुमारे तीन हजार बेकार आणि कामगार डेट्रॉइटहून रूजच्या फाटकाकडे मोर्चाने निघाले. डिअरबॉर्नचे महापौर होते क्लाइड फोर्ड, हेन्री फोर्डचे नातलग. काम द्या, संघटनेचा हक्क द्या, कृष्णवर्णीयांशी होणारा भेदभाव थांबवा, अशा मोर्चाच्या मागण्या होत्या. पोलिसांनी आधी अश्रुधूर सोडला, मग कडाक्याच्या थंडीत बंबाच्या पाण्याचे फवारे आणि शेवटी गोळ्या. चार तरुण ठार झाले. त्यांच्या अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले आणि वुडमेअर दफनभूमीत त्यांना शेजारी-शेजारी मूठमाती मिळाली. पाचवा जखमी, कर्टिस विल्यम्स, काही महिन्यांनी मरण पावला. तो कृष्णवर्णीय होता. सोबत्यांच्या शेजारी त्याला जागा द्यायला दफनभूमीने नकार दिला आणि त्याच्या देहाचे दहन करावे लागले. ज्या मोर्चाने भेदभाव थांबवा म्हटले, त्याच्या शहिदांमध्येही मरणानंतर भेद झाला.

त्यानंतर देशाचे राजकारण पालटले. रूझवेल्ट अध्यक्ष झाले. १९३५ साली वॅग्नर कायदा झाला आणि युनियन करणे हा कामगाराचा कायदेशीर हक्क ठरला. त्याच वर्षी युनायटेड ऑटो वर्कर्स ही मोटार कामगारांची युनियन स्थापन झाली. ती कसबी-बिनकसबी असा भेद न करता एका उद्योगातल्या सर्वांना एकत्र आणणाऱ्या सीआयओ या नव्या संघाची घटक बनली. ३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंट येथे जनरल मोटर्सचे कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले. मिशिगनचे गव्हर्नर फ्रँक मर्फी यांनी सैन्य बोलावले, पण कामगारांना हुसकावण्यासाठी ते वापरले नाही. ११ फेब्रुवारी १९३७ ला कंपनी नमली. पुढच्याच महिन्यांत क्रायस्लरनेही युनियनशी करार केला. राहिला एकटा फोर्ड.

२६ मे १९३७ रोजी वॉल्टर रूथर, रिचर्ड फ्रँकेनस्टीन आणि त्यांचे साथीदार रूजच्या चार नंबर फाटकाजवळच्या पुलावर पत्रके वाटायला गेले. बेनेटच्या माणसांनी त्यांना बेदम मारले, पत्रके वाटणाऱ्या स्त्रियांनाही सोडले नाही. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांवरही हल्ला झाला, पण काही छायाचित्रे वाचली आणि ती देशभर छापून आली. वॅग्नर कायद्याखालच्या श्रमसंबंध मंडळाने कंपनीला दोषी धरले. तरीही न्यायालयांच्या पायऱ्या झिजवीत फोर्डने आणखी चार वर्षे काढली. इतका पैसा आणि इतके वकील असले की कायदाही दमाने चालतो.

१ एप्रिल १९४१ ला बेनेटने युनियनच्या आठ प्रतिनिधींना कामावरून काढले आणि रूज बंद पडले. हजारो कामगार बाहेर आले. कारखान्याकडे येणारे रस्ते त्यांनी आपल्याच मोटारी आडव्या लावून अडवले. आत मात्र कृष्णवर्णीय कामगारांचा मोठा जमाव राहिला होता. कोणी दीड हजार म्हणतात, कोणी अडीच हजार. पुष्कळ जण दक्षिणेतून नुकतेच आणलेले होते. बाहेर गोऱ्यांचा पहारा, आत काळ्यांचा जमाव. फाटकावर चकमकी झाल्या. ही वर्णाची दंगल ठरली असती, तर संप मोडला असता आणि मालकाला हात हलवावा लागला नसता.

ते टळले ते कृष्णवर्णीयांमधल्याच काही लोकांमुळे. हार्टफर्ड अव्हेन्यू बाप्टिस्ट चर्चचे पाद्री चार्ल्स हिल यांनी चिठ्ठीचे राजकारण नाकारले होते आणि युनियनच्या लोकांना आपल्या चर्चमध्ये जागा दिली होती. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एनएएसीपी या संस्थेच्या तरुणांनी, हॉरेस शेफिल्ड यांच्या पुढाकाराने, ज्येष्ठ मंडळी कचरत असतानाच संपाची बाजू घेतली. मग संस्थेचे राष्ट्रीय सचिव वॉल्टर व्हाइट स्वतः डेट्रॉइटला आले आणि ध्वनिक्षेपक लावलेल्या मोटारीतून कारखान्याभोवती फिरून आतल्या माणसांना बाहेर येण्याचे आवाहन करू लागले. सगळे आले नाहीत. पण समाजाचा कौल एकतर्फी मालकाच्या बाजूला आहे, हे चित्र पुसले गेले.

गव्हर्नर व्हॅन वॅगनर यांच्या मध्यस्थीने ११ एप्रिलला संप मिटला आणि २१ मे रोजी सरकारी देखरेखीखाली मतदान झाले. सीआयओची युनियन, तिची प्रतिस्पर्धी एएफएल, किंवा कोणतीच युनियन नको, असे तीन पर्याय होते. मतदानाच्या तोंडावर गायक पॉल रॉबसन डेट्रॉइटला येऊन युनियनच्या सभेत गायले. सीआयओला सुमारे ७० टक्के मते पडली, एएफएलला सुमारे २७ टक्के. युनियनच नको म्हणणारे तीन टक्केही निघाले नाहीत. स्वतःला कामगारांचा बाप समजणाऱ्या वृद्ध फोर्डला हा धक्का जिव्हारी लागला, असे त्याचे निकटवर्तीय सांगत.

२० जूनच्या करारात फोर्डने मागितले त्याहून जास्त दिले. सर्व कामगार सभासद होणार, वर्गणी पगारातून कापली जाणार, अन्यायाने काढलेल्यांना भरपाई मिळणार. माझ्या मते त्यातले सर्वांत मोलाचे कलम वेगळेच होते. वर्ण, राष्ट्रीयत्व किंवा धर्म यांवरून भेद केला जाणार नाही, असे करारात लिहिले गेले. त्यासाठी वाटाघाटींच्या टेबलावर आग्रह धरणारा माणूस होता शेल्टन टॅप्स, ओतकाम विभागातला कृष्णवर्णीय कामगार. चिठ्ठी घेऊन फाटकावर उभ्या राहणाऱ्यांपैकीच एकाने आता कलम लिहून घेतले. चिठ्ठीत माणूस चांगला असल्याची ग्वाही असते. कलमात त्याची गरज नसते. तो कामगार आहे एवढे पुरते.

पण इतिहास कलमावर थांबत नाही. दोनच वर्षांनी, जून १९४३ मध्ये, डेट्रॉइटच्या पॅकार्ड कारखान्यात तीन कृष्णवर्णीयांना बढती मिळाली म्हणून सुमारे पंचवीस हजार गोऱ्या कामगारांनी काम बंद केले. तेही त्याच युनियनचे सभासद होते. नेतृत्वाने संपाला विरोध केला आणि काम सुरू झाले, तरी त्याच महिन्यात शहरात दंगल उसळली. चौतीस माणसे मेली, त्यांतली पंचवीस कृष्णवर्णीय.

तीस वर्षांनी हीच वेळ अरब कामगारांवर आली. येमेनी, पॅलेस्टिनी, लेबनॉनी मजुरांची डेट्रॉइटच्या कारखान्यांत मोठी भरती झाली होती. त्यांच्या वर्गणीचा पैसा ज्या युनियनकडे जात होता, तिने इस्रायलचे सरकारी रोखे घेतल्याचे त्यांना कळले. १९७३ च्या युद्धानंतर ते रस्त्यावर उतरले. २८ नोव्हेंबर १९७३ रोजी युनियनचे अध्यक्ष लिओनार्ड वुडकॉक यांच्या सत्कारासमोर त्यांनी निदर्शने केली आणि कामावर न गेल्यामुळे क्रायस्लरच्या डॉज मेन कारखान्यातले कामही विस्कळीत झाले. युनियन मोडा, असे ते म्हणत नव्हते. आमचा पैसा आम्हाला विचारून वापरा, असे ते म्हणत होते. त्या दिवशी त्यांचे ऐकले गेले नाही. १ डिसेंबर २०२३ रोजी, बरोबर पन्नास वर्षांनी, त्याच युनियनने गाझामध्ये युद्धबंदी व्हावी अशी जाहीर मागणी केली. तोवर १९७३ च्या कामगारांतले पुष्कळ जण थकले असतील, काही मातीआड गेले असतील.

क्लाइड फोर्ड ज्या डिअरबॉर्नचे महापौर होते, तेथे २०२१ च्या निवडणुकीत अब्दुल्ला हम्मूद निवडून आले. त्या पदावर बसलेले ते पहिले अरब आणि पहिले मुसलमान. रूजच्या भट्ट्यांसाठी आलेल्यांच्या वस्त्यांतून हे गाव घडले, हे लक्षात घेतले तर त्यात नवल वाटत नाही.

अल्पसंख्य समाजाला रोजी देणारा धनी भेटला की त्याच्याशी इमान राखण्याचा सल्ला घरातली वडीलधारी मंडळी देतात. त्या सल्ल्यामागे उपाशी दिवसांची आठवण असते, म्हणून त्याला हसू नये. पण रूजच्या कामगारांनी दोन गोष्टी दाखवून दिल्या. मेहरबानीची रोजी मेहरबान असेपर्यंतच टिकते, हे चिठ्ठीवाल्यांनी अनुभवले. आणि युनियनमध्ये गेल्याने काम संपत नाही, हे टॅप्सच्या पिढीने आणि मग अरब मजुरांनी अनुभवले. बाहेर राहिलात तर तुमच्यावाचून निर्णय होतात, आत गेलात तर आपले म्हणणे पुन्हा पुन्हा मांडावे लागते. दुसरी वाट कष्टाची आहे, पण करारात आपल्या नावाचे कलम आले ते त्याच वाटेने.