बँट्रीची होडी

आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे कॉलिन्स बॅरॅक्स नावाची एक जुनी लष्करी छावणी आहे. आज त्या वास्तूत राष्ट्रीय संग्रहालयाचा एक विभाग असून तलवारी, बंदुका, गणवेश यांच्या सोबतीला तेथे एक लाकडी होडी जतन करून ठेवलेली आहे. लांबी सुमारे ३८ फूट, रुंदी जेमतेम सात फूट, वल्ही दहा आणि डोलकाठ्या तीन. ही होडी फ्रेंच आरमाराची असून आयर्लंडच्या किनाऱ्यावर ती १७९६ च्या नाताळाच्या सुमारास आली. जिने मित्र म्हणून यावे ती कैदी होऊन राहिली, आणि दोनशे वर्षांच्या आत तिच्याच धाटणीच्या होड्यांवर अनेक देशांतील तरुण मुलेमुली एकत्र वल्ही मारू लागली. तिची ही कथा समुद्रकाठच्या आपल्या वाचकांनी जाणून घ्यावी, असे आम्हांला वाटते.

त्या काळच्या आयर्लंडची स्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील कॅथलिक प्रजेवर जाचक कायद्यांचे जोखड लादण्यात आले होते. कॅथलिकाला संसदेत बसता येत नसे, जमीन विकत घेता येत नसे. १६९७ च्या कायद्याने महागुरूंना देशाबाहेर घालविण्यात आले. बाप कॅथलिक असेल तर त्याच्या जमिनीचे सर्व मुलांत तुकडे पडत. मात्र थोरल्या मुलाने प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला तर सारी जमीन त्याच्या पदरात पडे. एकाच घरात भावाला भावाविरुद्ध उभा करणारा कायदा याहून वेगळा तो कोणता? लोक माळरानावरच्या खडकाला वेदी मानून मिस्सा अर्पण करीत. धर्मगुरू होऊ इच्छिणारी मुले समुद्र ओलांडून फ्रान्स व स्पेनमधील गुरुविद्यालयांत जात. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे कायदे सैल होत गेले. १७९३ मध्ये ठरावीक मिळकत असलेल्या कॅथलिकांना मताचा अधिकार मिळाला. तथापि संसदेचे दार त्यांच्यासाठी १८२९ पर्यंत बंदच राहिले.

अशा वेळी कॅथलिकांची बाजू मांडण्यास पुढे आला तो एक प्रॉटेस्टंट वकील, थिओबाल्ड वुल्फ टोन. १७९१ साली त्याने कॅथलिकांच्या हक्कांसाठी पुस्तिका लिहिली, पुढे कॅथलिकांच्या समितीचा चिटणीस म्हणून काम केले आणि त्याच वर्षी बेलफास्टमध्ये स्थापन झालेल्या ‘युनायटेड आयरिशमेन’ या संघटनेचा तो एक प्रमुख झाला. कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि प्रेस्बिटेरियन या तिघांनी पंथाचे नाव मागे ठेवून आयरिश या एकाच नावाने उभे राहावे, ही त्याची तळमळ होती. सनदशीर मार्ग बंद झाल्यावर त्याने क्रांतिकारी फ्रान्सकडे मदत मागितली. १७९६ च्या डिसेंबरच्या मध्याला ब्रेस्त बंदरातून चाळीसहून अधिक जहाजे आणि सुमारे चौदा-पंधरा हजार सैनिक आयर्लंडकडे निघाले. सेनापती होता लाझार ओश. टोन स्वतः त्या आरमारातील एका युद्धनौकेवर होता.

मोहिमेला सुरुवातीपासूनच अपयशाने ग्रासले. एक जहाज ब्रेस्तमधून बाहेर पडतानाच खडकावर आपटून बुडाले. सेनापती ओश ज्या जहाजावर होता ते धुक्यात व वादळात इतरांपासून तुटले आणि आयर्लंडच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचलेच नाही. त्या जहाजाचे नाव होते ‘फ्रातेर्निते’, म्हणजे बंधुभाव. उरलेल्यांपैकी बरीच जहाजे २१ डिसेंबरच्या सुमारास नैऋत्य आयर्लंडमधील बँट्रीच्या उपसागराच्या तोंडाशी आली. समोर किनारा दिसत होता, पण वारा पूर्वेकडून, नेमका तोंडावर होता. हिमवर्षाव, कडाक्याची थंडी आणि वादळ यांत नाताळ सरला. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात उरलीसुरली जहाजेही माघारी फिरली. सैन्य किनाऱ्यावर उतरलेच नाही.

आमची होडी याच गोंधळातली. ‘रेझोल्यू’ या फ्रेंच जहाजाची दुसऱ्या फ्रेंच जहाजाशी टक्कर होऊन त्याच्या डोलकाठ्या मोडल्या. मदत मागण्यासाठी त्यावरून एक होडी खाली सोडण्यात आली. वाऱ्याने ती भरकटली आणि बेअर नावाच्या बेटावर जाऊन लागली. खलाशी पकडले गेले, होडी जप्त झाली. बँट्रीचा जमीनदार रिचर्ड व्हाइट याने फ्रेंचांविरुद्ध स्थानिक बंदोबस्ताची सिद्धता केली होती. त्याबद्दल १७९७ मध्ये त्याला सरदारकी मिळाली आणि होडी त्याच्या वाड्यावर विजयचिन्ह म्हणून राहिली.

या प्रसंगी ख्रिस्तसभेने काय केले, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. कॉर्कचे महागुरू फ्रान्सिस मॉयलन यांनी १७९६ च्या नाताळाच्या दिवशीच आपल्या लोकांना पत्र लिहून फ्रेंचांना साथ न देण्याचे आणि राजनिष्ठ राहण्याचे आवाहन केले. आज हे वाचताना काहींना खेद वाटेल. ज्या राज्याने शंभर वर्षे आपल्याला चिरडले, त्याच्याशी निष्ठा कसली? परंतु मॉयलन तरुणपणी फ्रान्समध्येच शिकलेले होते. त्या देशात क्रांतीने धर्मगुरूंची काय दशा केली हे त्यांना ठाऊक होते. पॅरिसमधील आयरिश गुरुविद्यालय बंद पडले होते. सेनापती ओश याने फ्रान्सच्या पश्चिम भागातील कॅथलिक शेतकऱ्यांचे व राजनिष्ठांचे बंड मोडून काढले होते. शिवाय १७९५ मध्ये मेनूथ येथे आयरिश गुरुविद्यालयाला सरकारी मान्यता व साहाय्य मिळाले होते. शंभर वर्षांनंतर उघडलेले ते दार पुन्हा बंद होण्याचे भय होते. टोनला स्वातंत्र्य दिसत होते, महागुरूंना रक्तपात दिसत होता. दोघांनाही दिसत होते ते खरे होते, असे आम्हांला वाटते.

पुढच्याच काळात त्याची प्रचीती आली. १७९८ च्या उन्हाळ्यात उठाव झाला. उत्तरेत ७ जून रोजी अँट्रिम गावी हेन्री जॉय मॅक्रॅकन याच्या नेतृत्वाखाली मुख्यतः प्रेस्बिटेरियन लोक लढले आणि हरले. मॅक्रॅकनला बेलफास्टमध्ये फाशी झाली. दक्षिणेत वेक्सफर्ड परगण्यात जॉन मर्फी यांच्यासारखे कॅथलिक धर्मगुरू बंडात उतरले आणि मारले गेले. त्याच परगण्यात स्कलाबोग येथे बंडखोरांनी एका कोठारात कोंडलेल्या शंभरावर माणसांना जाळून मारले; त्यांत बहुसंख्य प्रॉटेस्टंट होते. टोनला ऑक्टोबरमध्ये समुद्रावर पकडण्यात आले आणि नोव्हेंबरमध्ये डब्लिनच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. तिघांना एका नावाने उभे करण्याचे त्याचे स्वप्न त्याच्या डोळ्यांदेखत रक्ताने माखले.

होडी मात्र बँट्रीच्या वाड्यात तशीच पडून राहिली. लढाईत मिळालेली वस्तू जिंकणाऱ्याच्या घरी सन्मानाने राहते आणि हरणाऱ्याच्या मनात सलत राहते. वसईच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. १७३९ साली वसईचा किल्ला मराठ्यांच्या हाती आल्यावर येथील चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला त्या आजही आहेत. अशा वस्तूंकडे कसे पाहावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो.

१९४४ मध्ये बँट्रीच्या घराण्याकडून ही होडी राष्ट्रीय संग्रहालयाकडे आली. काही काळ ती डब्लिनजवळच्या डून लेअरी येथे, खलाशांसाठी बांधलेल्या जुन्या चर्चच्या इमारतीतील सागरी संग्रहालयात होती. तेथून पुढे जे घडले ते कोणा राजकारण्याच्या हातून घडले नाही. अमेरिकेच्या मेन राज्यात लान्स ली नावाचे गृहस्थ तरुणांना लाकडी होड्या बांधण्याचे शिक्षण देत होते. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात बेर्नार कादोरे हे ‘शास-मारे’ या सागरी नियतकालिकाचे संपादक जुन्या होड्यांचे ज्ञान टिकविण्यासाठी झटत होते. या दोघांनी १९८४ मध्ये ‘अटलांटिक चॅलेंज’ हा उपक्रम सुरू केला. बँट्रीच्या होडीची मापे घेऊन तिच्या प्रतिकृती बांधाव्यात आणि त्यांवर निरनिराळ्या देशांतील तरुणांनी एकत्र यावे, अशी ती कल्पना होती. १९८६ मध्ये न्यूयॉर्क बंदरात, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या शताब्दीच्या वर्षी, फ्रेंच व अमेरिकन तरुणांचा पहिला मेळावा झाला. पहिल्या प्रतिकृतींना ‘लिबर्ते’ आणि ‘एगालिते’ ही फ्रेंच क्रांतीच्या घोषणेतील नावे देण्यात आली होती. पुढे साधारणतः दर दोन वर्षांनी असे मेळावे भरत गेले. डेन्मार्क, कॅनडा, रशिया, फिनलंड, वेल्स, इटली अशा अनेक देशांत या होड्या बांधल्या गेल्या. २०१२ मध्ये हा मेळावा खुद्द बँट्रीच्या उपसागरात भरला.

हीच होडी का निवडली असेल? तिची रचना पाहिली म्हणजे उत्तर सापडते. दहा वल्ही दहा जणांच्या हाती असतात. एकाचा ठेका चुकला की त्याचे वल्हे पुढच्याच्या पाठीत बसते आणि होडीची गती तुटते. शिडांची तऱ्हा आणखी अवघड. पुढच्या दोन डोलकाठ्यांवरील शिडांच्या परबाणाचा एक भाग डोलकाठीच्या पुढे येतो. होडीची दिशा बदलून वारा दुसऱ्या बाजूने घ्यायचा तर परबाण उतरवून, डोलकाठीच्या पलीकडे नेऊन पुन्हा चढवावे लागते. कोणी दोर सोडतो, कोणी शीड आवरतो, कोणी परबाण ओढतो, आणि सुकाणूवाला नेमक्या क्षणी हाक देतो. क्षणभर उशीर झाला की होडी वाऱ्यात अडकून उभी राहते. यंत्र नाही, त्यामुळे चूक झाकायलाही काही नाही. एकटा बलवान मुलगा ही होडी चालवू शकत नाही. साधारण ताकदीची तेरा मुलेमुली मनापासून एकत्र आली तर ती पाण्यावर पळते.

मेळाव्यातील परीक्षाही याच धोरणाने ठरविलेल्या आहेत. केवळ शर्यत जिंकून भागत नाही. दोरांच्या गाठी एकामागून एक मारून दाखवाव्या लागतात. पाण्यात पडलेल्या माणसाला उचलून आणण्याची परीक्षा असते. धक्क्यावरून कप्तानाला शिस्तीने होडीत घेण्याचा जुना आरमारी रिवाज पार पाडावा लागतो. १७९६ मध्ये जी शिस्त शत्रूच्या किनाऱ्यावर सैनिक उतरविण्यासाठी होती, तीच आता मुलांना एकमेकांचा भरवसा धरायला शिकविते. तेव्हा होडीत केवळ पुरुष होते. आज मुलीही त्याच बाकांवर बसून तीच वल्ही ओढतात.

२०१८ मध्ये हा मेळावा उत्तर आयर्लंडमध्ये, अँट्रिम येथे नेय या विशाल सरोवरावर भरला. हे तेच अँट्रिम, जेथे १७९८ मध्ये मॅक्रॅकनची माणसे पडली. त्यानंतरच्या काळात त्या प्रांतात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातील दरी बुजली नाही, उलट रुंदावली. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तीस वर्षे तेथे बॉम्ब व गोळ्या यांचे सत्र चालले आणि सुमारे साडेतीन हजार माणसे मेली. १० एप्रिल १९९८ रोजी, शुभ शुक्रवारी, करार झाला आणि शस्त्रे हळूहळू खाली ठेवली गेली. त्या करारानंतर वीस वर्षांनी, टोनला मदत घेऊन आलेल्या होडीच्या प्रतिकृती अँट्रिमच्या पाण्यावर उतरल्या. त्यांत फ्रेंच व इंग्रजी बोलणारी मुले होती, एकेकाळच्या शत्रुराष्ट्रांची मुले होती. आपापल्या होडीत शेजारच्या बाकावरचा कोणत्या चर्चमध्ये जातो, हे त्यांना वल्हे मारण्यासाठी विचारावे लागले नाही.

एका मेळाव्याने देशाचे वैर मिटते, असे भाबडे विधान आम्ही करणार नाही. बेलफास्टच्या वस्त्यांना विभागणाऱ्या भिंती त्या वर्षीही उभ्या होत्या. तरीही चौदा-पंधरा हजार सैनिकांना जे साधले नाही, त्याचा लहानसा अंश या होड्यांवर साधला जातो, हे नाकारता येणार नाही. वेगवेगळ्या घरांतून आलेली माणसे एका कामाला हात लावतात, त्या कामात एकमेकांवर अवलंबून राहतात आणि उतरताना परकी राहत नाहीत. इतिहासाचे ओझे त्यांनी फेकून दिलेले नाही. होडीचे नाव, तिचे माप, तिची कैद, सारे त्यांना शिकविले जाते. वस्तू तीच ठेवून तिचा उपयोग मात्र त्यांनी बदलला.

आपल्या किनाऱ्यावर, उत्तन किंवा पाचूबंदरसारख्या गावी, शिडाच्या होड्या चालविलेले तांडेल आता थकले आहेत. यंत्रे आली, त्यांनी कष्ट वाचविले, आणि ते योग्यच झाले. परंतु वारा पाहून परबाण कसे फिरवावे, दहा माणसांचा ठेका एका हाकेत कसा धरावा, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात उतरलेले नाही. ते त्या वृद्धांच्या हातांत आहे आणि त्यांच्याबरोबर जाणार आहे. आपल्या धर्मग्रामांतील युवकसंघ सहली काढतात, स्पर्धा भरवितात. त्यांपैकी एखाद्याने एखाद्या वृद्ध तांडेलाला बोलावून, शेजारच्या पाड्यावरच्या हिंदू कोळी मुलांनाही सोबत घेऊन, एक जुनी होडी पुन्हा पाण्यावर घातली तर? खर्च फार नाही. वल्ही दहा लागतील, आणि दहाही एका घरची नसावीत.