तळघरातील ओल आणि पायाचे तडे : काळ्या जमिनीच्या संदर्भात

प्रथम संज्ञा निश्चित केल्या पाहिजेत. बाहेरील जमिनीत साचलेले पाणी दाबाने भिंतीतून किंवा तळातून आत येते, तिला गळती म्हणावे. दाब नसतानाही वीट, गिलावा व काँक्रीट यांच्या सूक्ष्म रंध्रांतून पाणी केशाकर्षणाने चढते, ती ओल. खोलीतल्याच दमट हवेतील बाष्प थंड भिंतीवर पाण्याच्या रूपाने उतरते, ते संघनन. बांधकामाच्या अखंडतेत पडलेला विच्छेद म्हणजे तडा. ज्याची रुंदी ऋतूनुसार किंवा काळानुसार बदलते तो चल, ज्याची बदलत नाही तो स्थिर. पाण्याचे तीन प्रकार आणि तड्याचे दोन, एवढ्या भेदांवर पुढील सर्व उपचार आधारलेले आहेत.

गळती व संघनन यांतला भेद सहज तपासता येतो. भिंतीच्या दीड-दोन फूट भागावर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब खोलीकडील पृष्ठावर आले तर ते संघनन असून वायुवीजनाने हटते. थेंब प्लास्टिकच्या मागे आले तर पाणी भिंतीतून येत आहे. भिंतीवर पांढरा लोणा फुटला असेल तर ते पाणी क्षार विरघळवीत आल्याचे, म्हणजे प्रवाह जुना असल्याचे, चिन्ह होय.

आता जमिनीचा विचार. यवतमाळ जिल्ह्याचा बहुतांश भाग बेसाल्ट खडकाचा आहे. वणी-मारेगावकडील चुनखडक व कोळशाचा पट्टा वेगळा असल्याने येथे वगळला आहे. बेसाल्टच्या प्रदेशात सखल भागी वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली सांधे-भेगांचा खडक असा क्रम सामान्यतः आढळतो. काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते व वाळल्यावर आकसते. मे महिन्यात जमिनीला पडलेल्या भेगांतून जूनचे पहिले पाणी वेगाने खोल उतरते. पुढे माती फुगून भेगा मिटतात आणि खाली गेलेले पाणी मुरुमातून आडवे वाहू लागते. तळघराचा खड्डा या वाटेत आला की त्याची गती विहिरीची होते. याच जिल्ह्यातील कळंबचे चिंतामणी मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे. तेथील कुंडाचे पाणी काही वर्षांच्या अंतराने वाढून मूर्तीच्या चरणांना लागते, अशी श्रद्धेची परंपरा आहे. भूजलाच्या पातळीखाली बांधलेल्या वास्तूत पाणी प्रकट होणार हे तेथे मान्यच आहे. घराच्या तळघराने तेच पाणी अडवायचे असते.

ते अडवण्याचे परिमाण समजून घ्यावे. पाण्याची प्रत्येक मीटर उंची दर चौरस मीटरला सुमारे १००० किलो दाब देते. तळघराच्या फरशीच्या तळापेक्षा बाहेरचे पाणी दीड मीटर वर असेल तर वर उचलणारा दाब दर चौरस मीटरला सुमारे १५०० किलो होतो. १५० मि.मी. जाडीच्या काँक्रीटच्या फरशीचे वजन तेवढ्याच क्षेत्रात ३७५ किलोच्या आसपास असते. म्हणजे फरशी केवळ स्वतःच्या भाराने टिकणार नाही. एकतर ती सळयांनी भिंतींशी बांधून या दाबासाठी संकल्पित केलेली असावी, अथवा बाहेरचे पाणी उतरवावे. आतून कोणताही लेप लावला तरी या दाबात एका किलोचीही घट होत नाही. तयार लेपांच्या जाहिराती वाचताना हा हिशेब समोर ठेवावा.

तड्यांची परीक्षा दिशा, रुंदी व काल या तीन अंगांनी करावी. केसासारखे, अनियमित, उथळ तडे बहुधा काँक्रीट वा गिलाव्याच्या आकुंचनाचे असतात. भिंतीच्या मध्याजवळचा आडवा तडा बाहेरच्या मातीच्या व पाण्याच्या दाबाचा असतो. तो सर्वांत गंभीर असून स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याविना त्याला हात लावू नये. तिरपे तडे पायाच्या असमान हालचालीचे. त्यांतही भेद आहे. उन्हाळ्यात घराच्या कडेची माती आकसते, मधली ओलसर राहते, कडा खाली बसतात आणि तडा वरच्या बाजूला अधिक उघडतो. पावसाळ्यात कडा प्रथम फुगतात व तडा खालच्या बाजूला रुंद होऊ लागतो. तड्यावर काचेची पातळ पट्टी सिमेंटने आडवी बसवून तिच्यावर तारीख लिहावी. पट्टी फुटली तर तडा चल. मेमध्ये उघडून सप्टेंबरात मिटणारा तडा मातीच्या फुगण्या-आकसण्याचा आहे. प्रत्येक ऋतूत वाढतच जाणारा तडा पाया खचत असल्याचे सांगतो.

यावरून उपचाराचा क्रम निघतो : पाणी दूर, मग मातीतील ओलावा स्थिर, मग तडा, शेवटी लेप. व्यवहारात हा क्रम उलटा दिसतो. शेवटची पायरी स्वस्त व लवकर दिसणारी असल्यामुळे तसे घडते.

पाणी दूर करण्याची पहिली कामे साधी आहेत : छताच्या पन्हाळीचे पाणी नळाने घरापासून लांब सोडणे, अंगणाला बाहेरच्या दिशेने उतार देणे, भिंतीलगत दीड-दोन मीटर रुंदीचा अभेद्य पट्टा करणे, न्हाणीची व सांडपाण्याची फुटकी नळी बदलणे. कित्येक तळघरांची गळती एवढ्यावर थांबते. पट्ट्याचे काम दुहेरी आहे. तो पावसाळ्यात पाणी अडवतो, उन्हाळ्यात कडेची माती वाळू देत नाही. मोठे झाड भिंतीजवळ असू नये, कारण त्याची मुळे उन्हाळ्यात मातीतील उरलेला ओलावाही शोषून घेतात.

भरावाचा मुद्दा अधिक विस्ताराने पाहिला पाहिजे. तळघराची भिंत झाल्यावर बाजूची मोकळी जागा निघालेल्या काळ्या मातीनेच भरली तर ती फुगून भिंत आत ढकलते. नुसत्या रेतीने भरली आणि तळाशी निचऱ्याची नळी नसली तर घट्ट मातीने वेढलेल्या त्या रेतीत पाणी साठून राहते. दोन्ही भराव सदोष आहेत. तळाशी गिट्टीत गुंडाळलेली सच्छिद्र नळी, तिला माती शिरू न देणारे जिओटेक्स्टाइल कापड, नळीला संपकडे, म्हणजे पाणी गोळा करून पंपाने उपसण्याच्या खड्ड्याकडे, उतार, आणि वरच्या थरात दाबून बसवलेली न फुगणारी पण चिकट माती, अशी रचना असावी. अशा मातीच्या सुमारे एक मीटर जाडीच्या थराने खालच्या काळ्या मातीचे फुगणे कसे रोखले जाते, हे आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनाने दाखवले. पुरेशी चिकण असलेला मुरूम या कामी चालतो. धुतलेला, वाळूसारखा मुरूम चालत नाही. मातीचा स्वभाव ओळखण्याची पद्धत आय. एस. २७२०, भाग ४० मध्ये दिली आहे : चाळलेली दहा ग्रॅम माती रॉकेलच्या नळीत, दहा ग्रॅम पाण्याच्या नळीत, किमान चोवीस तास स्थिर. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दोन्ही नळ्यांतील गाळाच्या घनफळातला फरक रॉकेलमधील घनफळाशी ताडून टक्केवारी काढतात.

तडा भरण्याच्या द्रव्याची निवड त्याच्या वर्गावरून होते. स्थिर व कोरड्या तड्यात इपॉक्सी दाबाने भरावे. त्याने काँक्रीट पुन्हा जोडले जाते. चल तड्यात इपॉक्सी वापरणे चूक ठरते, कारण हालचाल थांबत नाही आणि शेजारच्या कमकुवत भागात नवा तडा पडतो. तेथे लवचीक पॉलियुरेथेन योग्य. वाहत्या तड्यात पाण्याशी संयोग होऊन फेसाळणारे पॉलियुरेथेन पाणी थांबवते, मात्र ज्या जातीचा फेस पाणी शोषूनच फुगलेला राहतो ती कोरड्या उन्हाळ्यात आकसते. यवतमाळच्या उन्हाळ्यात हा दोष दुर्लक्षणीय नाही.

अभेद्य लेप शक्यतो बाहेरून द्यावा, कारण पाण्याचा दाब त्याला भिंतीवर दाबून धरतो. आतील लेपाला तोच दाब सोलून काढतो. महाराष्ट्रात रूढ असलेली शहाबादी फरशीची बॉक्स पद्धत बाहेरूनच करायची असल्याने ती नव्या बांधकामाला साजेशी आहे. जुन्या घरात बाहेरून खोदणे अशक्य असेल तर स्फटिकीभवन करणारे सिमेंटी लेप आतून द्यावेत. ते काँक्रीटच्या रंध्रांत व केसासारख्या तड्यांत काम करतात, रुंद तड्यांत नाही.

खोदकाम, निचरा व बाहेरचा लेप ही कामे पाणी उतरलेले असताना, म्हणजे फेब्रुवारी ते मे या काळात करावीत. चल तडा मात्र मेच्या अखेरीस, पूर्ण उघडलेला असताना, भरावा; मिटलेल्या अवस्थेत भरलेले द्रव्य पुढच्या उन्हाळ्यात ताणले जाते. संपमधला पंप वीज गेल्यावरही चालेल अशी सोय त्याच वेळी करून घ्यावी, कारण मुसळधार पाऊस आणि वीज जाणे ही बहुधा एकाच रात्रीची गोष्ट असते. आतला गिलावा व रंग पुढील पावसाळा संपून भिंती वाळल्यावर, काचेच्या नव्या पट्ट्या अखंड आहेत हे पाहून करावा.