फुकट जमिनीच्या मागें

अमेरिकेचा पश्चिम भाग कसा वसला हें सांगतांना बहुधा सेनापति, आगगाडीच्या कंपन्या आणि सोन्याच्या खाणी यांचींच नांवें पुढें येतात. आज मी तीच हकीकत एका सामान्य शेतकरी कुटुंबाच्या मागोमाग जाऊन आपणांस सांगणार आहें. या कुटुंबाचें नांव इंगल्स. आपणांपैकीं कित्येकांच्या घरीं मुलांच्या कपाटांत लॉरा इंगल्स वाइल्डर या बाईंचीं पुस्तकें असतील. त्यांतील आई, बाप आणि मुली म्हणजे हींच माणसें. परंतु पुस्तकांतील कुटुंब आणि सरकारी दफ्तरांतील कुटुंब हीं सर्वस्वीं एक नाहींत. मला बोलावयाचें आहे तें या दोहोंमधील अंतराविषयीं.

प्रथम कायदा काय होता तें पाहूं. २० मे १८६२ रोजीं अध्यक्ष लिंकन यांनीं होमस्टेड कायद्यावर सही केली. वयाचीं २१ वर्षें पुरीं झालेल्या, किंवा कुटुंबाचा प्रमुख असलेल्या कोणाहि नागरिकास, नाममात्र शुल्क भरून, १६० एकर सरकारी जमीन मागतां येऊं लागली. अर्धा मैल लांब आणि अर्धा मैल रुंद असा हा तुकडा. अट अशी कीं, मागणाऱ्यानें पांच वर्षें तेथें राहावें, घर बांधावें, जमीन कसावी, आणि अखेरीस दोन साक्षीदार उभे करून हें सर्व शाबीत करावें. मग मालकीची सनद मिळे. १९७६ सालीं (अलास्कांत १९८६ सालीं) हा कायदा संपला, तोंपर्यंत सुमारें १६ लक्ष सनदा देण्यांत आल्या आणि २७ कोटि एकर जमीन खाजगी मालकीची झाली.

इंगल्सांचा मूळ पुरुष एडमंड हा इंग्लंडांतून येऊन १६२९ सालीं मॅसॅच्युसेट्समधील लिन येथें स्थायिक झाला. पुढें पिढ्या सरकत गेल्या तशी वस्तीहि पश्चिमेकडे सरकत गेली. आपल्या हकीकतींतील चार्ल्स हा १८३६ सालीं न्यूयॉर्क संस्थानांत जन्मला, बापाबरोबर इलिनॉयमध्यें आणि तेथून विस्कॉन्सिनमध्यें आला. १८६० सालीं कॅरोलाइन क्वायनर या शिक्षिकेशीं त्याचा विवाह झाला. पेपिन गांवाजवळच्या रानांत त्यांच्या पहिल्या दोन मुली जन्मल्या. १८६५ सालीं मेरी, १८६७ सालीं लॉरा. चार्ल्स सुतारकामांत निपुण, शिकारींत तरबेज आणि फिडल तर फारच गोड वाजवी. पण एका जागीं बसणें त्याच्या स्वभावांत नव्हतें. १८६८ सालीं त्यानें पेपिनची जमीन हप्त्यांनीं विकली, आणि मिसूरीला ओझरता स्पर्श करून १८६९ सालीं कान्सासचें दक्षिण टोंक गांठलें.

येथील प्रकरण जरा सावकाशीनें पाहण्यासारखें आहे. ‘लिटल हाउस ऑन दि प्रेअरी’ या १९३५ सालच्या पुस्तकांत हें घर इंडिपेंडन्स गांवापासून ४० मैलांवर असल्याचें म्हटलें आहे. नकाशावर ४० मैल मोजले तर आपण कान्सासची हद्द ओलांडून आजच्या ओक्लाहोमांत शिरतों! खऱ्या जागेचा माग लागला तो कागदांवरून. कुटुंबाच्या बायबलांत तिसरी मुलगी कॅरी हिच्या जन्माची नोंद आहे : ऑगस्ट १८७०, माँटगोमेरी परगणा, कान्सास. त्याच वर्षींच्या खानेसुमारींत रटलंड विभागांत, आडनांवाचीं अक्षरें चुकवून का होईना, हें कुटुंब सांपडतें. प्रत्यक्ष अंतर १३ मैलांच्या आसपास. लॉरा तेव्हां तीन वर्षांची. तिनें मैल कसे मोजावे? त्या चुकीचें विशेष कांहीं नाहीं.

विशेष आहे तो खानेसुमारीचा दुसरा एक रकाना. स्थावर मालमत्तेची किंमत लिहावयाची जागा कोरी आहे. कारण ती भूमि ओसेज जमातीची होती. करारानें त्यांच्याकडे उरलेला तो राखीव प्रदेश होता. होमस्टेड कायदा तेथें लागूच नव्हता. चार्ल्सजवळ सनद नव्हती कीं परवाना नव्हता. त्याच्यासारखे हजारों लोक घुसून बसले होते आणि आज ना उद्यां सरकार ओसेजांनाच हलवील अशा भरंवशावर नांगर धरीत होते. भरंवसा खरा ठरला. जुलै १८७० मध्यें काँग्रेसनें तसा कायदा केला. जमीन एकरीं सव्वा डॉलर या दरानें विकावयाची ठरली आणि ओसेज लोक दक्षिणेस इंडियन टेरिटरींत निघून गेले.

पुस्तकांत काय आहे? सरकारी शिपाई येऊन आपणांस हांकलणार या वार्तेनें चार्ल्स संतापतो आणि हातानें बांधलेलें घर टाकून निघतो. वस्तुत: जे गोरे तेथें टिकून राहिले त्यांना तीच जमीन सव्वा डॉलरानें विकत घेतां आली. इंगल्स १८७१ सालीं परतले, कारण पेपिनच्या जमिनीचे हप्ते खरेदीदाराकडून येईनासे झाले होते. घर सुटलें तें खरोखर ओसेजांचें. पुस्तकांत मात्र ती व्यथा इंगल्सांच्या वांट्यास गेली आहे. लेखिकेनें हें जाणूनबुजून केलें असें मी म्हणत नाहीं. १९५२ सालीं एका वाचकानें तक्रार केली कीं, ओसेजांच्या त्या प्रदेशाचें वर्णन निर्मनुष्य असें केलेलें आहे. तेव्हां बाईंनीं आपली चूक तत्काळ मान्य केली, आणि १९५३ च्या आवृत्तींत ‘माणसें’ या शब्दाच्या जागीं ‘वसाहतवाले’ या अर्थाचा शब्द आला.

१८७४ सालीं कुटुंब मिनेसोटांतील वॉलनट ग्रोव्ह येथें आलें आणि ओढ्याच्या दरडींत खोदलेल्या घरांत राहूं लागलें. गहूं उत्तम आला. आतां कर्ज फिटणार, एवढ्यांत टोळधाड आली. ज्यांनीं टोळधाड पाहिली आहे त्यांना वर्णनाची जरूर नाहीं. अंधारून येतें आणि मग कणसांचा करकर आवाज ऐकूं येतो. मिनेसोटांत ही आपत्ति १८७३ पासून १८७७ पर्यंत टिकली. १८७५ च्या अखेरीस चार्ल्सनें एका कागदावर सही केली : आपण पूर्ण निर्धन आहों. त्या सहीच्या बदल्यांत मदतखात्यांतून त्याला पिठाचीं दोन अर्धीं पिंपें मिळालीं. पुस्तकांतील स्वावलंबी बापाच्या हातून असली सही झालेली आपणांस कोठेंहि वाचावयास मिळत नाहीं.

यानंतरचीं वर्षें पुस्तकांत नाहींतच. नोव्हेंबर १८७५ मध्यें झालेला मुलगा, चार्ल्स फ्रेडरिक, दुसऱ्या वर्षीं ऑगस्टमध्यें, नऊ महिन्यांचा होऊन वारला. तेव्हां तें कुटुंब शेत विकून आयोवाच्या वाटेवर होतें. आयोवांतील बर ओक येथें त्यांनीं एका खाणावळींत राबून दिवस काढले. तेथेंच १८७७ सालीं धाकटी ग्रेस जन्मली. घरभाड्याचें देणें न फेडतां आल्यामुळें एका रात्रीं काळोखांत गाडी जोडून त्यांनीं तें गांव सोडलें. हें लॉरानें स्वतःच लिहून ठेविलें आहे, पण मुलांसाठीं नव्हे. सुमारें १९३० सालीं पेन्सिलीनें लिहिलेल्या त्या आठवणी ‘पायोनियर गर्ल’ या नांवानें २०१४ सालीं छापल्या गेल्या. मेलेल्या भावाचें नांव बालकथांत एकदांहि येत नाहीं, आणि मला तें मौन पिठाच्या पिंपांपेक्षांहि अधिक बोलकें वाटतें.

पुन्हां वॉलनट ग्रोव्ह. १८७९ सालीं तेथें मेरीची दृष्टि गेली. त्याच वर्षीं चार्ल्सला डकोटांत आगगाडीच्या बांधकामावर हजेरीनवीसाची नोकरी मिळाली. फेब्रुवारी १८८० मध्यें त्यानें डी स्मेट गांवाशेजारीं १६० एकरांची मागणी नोंदविली. वय ४४. कायदा होऊन १८ वर्षें झालीं होतीं. पहिलाच हिंवाळा काळासारखा आला. ऑक्टोबरपासून बर्फाचीं वादळें, जानेवारीपासून आगगाडी बंद ती मे १८८१ पर्यंत. गांवानें वाळलेलें गवत पिळून तें जाळलें. कॉफीच्या जात्यावर गहूं दळून भाकरी केली.

तरीहि चार्ल्स टिकला. १८८६ सालीं त्यानें साक्षीपुरावा दिला आणि हक्क शाबीत केला. एवढ्या वणवणीचें सार्थक झालें असें आपण म्हणणार, तोंच दफ्तराचा पुढला कागद समोर येतो : १८९२ सालीं त्यानें ती जमीन विकून टाकली. कुटुंब त्याच्या आधींच गांवांत राहावयास गेलें होतें. तेथें तो सुतारकामावर व किरकोळ धंद्यांवर जगला आणि १९०२ सालीं वारला.

लॉरानें १८८५ सालीं अल्मान्झो वाइल्डर या होमस्टेडवाल्याशींच लग्न केलें होतें. अवर्षण, आजार, आग आणि कर्ज यांनीं त्या दोघांची डकोटांतील शेती बुडाली. १८९४ सालीं तीं एका गाडींतून मिसूरीतील मॅन्सफील्ड येथें गेलीं. साठवून ठेविलेले १०० डॉलर आगाऊ भरून त्यांनीं ४० एकर दगडाळ जमीन विकत घेतली. तेथें सफरचंदें लाविलीं, कोंबड्या पाळल्या, हळूहळू आणखी जमीन जोडली. १९४९ सालीं अल्मान्झो व १९५७ सालीं लॉरा, दोघेंहि त्याच विकत घेतलेल्या शेतावर मरण पावलीं.