ग्वाल्हेरच्या थोरांचे स्मरण

गावच्या थोरांची यादी करायला बसलो, की आपण आधी आपलीच आडनावे लिहितो. मग पुण्यतिथीला तसबिरीस हार पडतो आणि भाषणे होतात.

ग्वाल्हेरची गायकी मात्र अशा यादीत मावत नाही. हस्सूखाँ-हद्दूखाँ या बंधूंच्या तालमीत वासुदेवबुवा जोशी तयार झाले. त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही विद्या महाराष्ट्रात नेली. बुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. इकडे ग्वाल्हेरात निसार हुसेनखाँ शंकरराव पंडितांच्या घरी राहिले आणि त्यांनी पंडितांना हातचे न राखता शिकवले. याच शंकररावांच्या नावाने त्यांचे पुत्र कृष्णराव यांनी १९१४ मध्ये संगीत विद्यालय उघडले. वडिलांचे नाव त्यांनी शिकवण्याच्या कामाला दिले.

खाँसाहेबांनी दार उघडले नसते, तर आपल्या यादीतली ही नावे घडती ना. म्हणून पंडितांच्या तसबिरीशेजारी त्यांच्या उस्तादांचे नाव नसेल, तर आपले स्मरण अर्धेच राहते. पुढच्या पुण्यतिथीला ते नाव आवर्जून घ्या, एक भाषण कमी करा आणि गावातल्या एखाद्या मुलाला ग्वाल्हेरचा ख्याल गाऊ द्या.